आधी महिना सांग

इतवारीत, किराणा ओळीच्या तोंडाशी,
मुंदडाशेठच्या दुकानातल्या भिंतीवर
मीच खडूनं लिहिलेलं आहे:
किलोला भागा शून्य दशांश त्र्याण्णवनं,
लिटर मिळतील.
खाली बारीक अक्षरात: फक्त जवस.

पंधरा किलोचा डबा
म्हणजे सोळा लिटर, वर एकशे एकोणतीस मिली.
शेठना हे वरचं सगळंच
कितीतरी दिवस खोटं वाटायचं.
तोललं की पंधरा, ओतलं की सोळा,
मधलं लिटर कोणाच्या खिशातलं रे?
मी सांगायचो, शेठ, तेल पाण्याहून हलकं,
तेवढ्याच वजनात जरा पाय पसरून बसतं.
ते पंख्याकडे बघायचे
आणि वहीत पंधराच लिहायचे.

मला हा भागाकार येतो, कारण
बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला
प्रात्यक्षिकात माझ्या वाट्याला हेच आलं होतं.
काचेची बोटभर बाटली,
बुचाला केसाएवढं भोक.
रिकामी तोलली, भरून तोलली,
उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत बरोबर.
अमरावतीहून आलेल्या परीक्षकांनी
त्याखाली लाल पेनानं एकच शब्द लिहिला:
तापमान?
ते मी लिहिलंच नव्हतं.
दोन गुणांनी विषय गेला, विषयामागे कॉलेज,
आणि मी इथे,
गल्ल्याच्या डाव्या हाताला.

गिरजाबाई हेडाऊ गोळीबार चौकातून येतात.
सावजीची खानावळ, दोन शेगड्या, सहा बाकं,
आठवड्याला डबाभर जवस.
डिसेंबरात शालीतून एक हात बाहेर काढून म्हणतात,
"मापानं दे."
मेमध्ये पदरानं मान पुसत,
"तोलून दे."
दोन वर्षं मी देत राहिलो.
तिसऱ्या उन्हाळ्यात विचारलं.

"काऊन गा, तू तं शिकलेला हायेस ना?
उन्हाळ्यात तेल फुगते बापा.
माप भरते, तेल नाई भरत.
थंडीत कसं अंग चोरून बसते,
मंग तेवढ्याच मापात जास्ती मावते."

मी भिंतीकडे बोट केलं.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
ओठ हलवत सगळं वाचलं, फक्त जवस हेसुद्धा.
"बरोबर लिवलं," म्हणाल्या.
"पण कोणत्या महिन्याचं?"

त्या दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.
शेठ जेवायला गेल्यावर
मी लिटरचं माप काट्यावर ठेवलं.
नऊशे चौदा ग्रॅम.
डिसेंबरात, सकाळी शटर उघडल्या उघडल्या,
तेच माप, तोच काटा.
नऊशे छत्तीस.
डब्यामागे दीड पावाचा फरक,
आणि तो बाईंच्या हातांना
माझ्या आधी किती वर्षं ठाऊक होता, कोण जाणे.

खडू घेतला.
त्र्याण्णवच्या पुढे लिहिलं: तापमान,
दोन टिंबं,
पुढची जागा मोकळी.
शेठ म्हणाले, हे काय नवीन?
म्हटलं, रोज बदलावं लागेल.
ते म्हणाले, मग नळावर जाऊन खडूचे हात धू,
गिऱ्हाईक उभं आहे.

रात्री फागूराम रिकामे डबे पालथे घालतो,
खाली जर्मनची परात.
सकाळी परातीत बोटभर तेल जमतं.
ते वजनात कुणाला दिलेलं नसतं,
मापातही नसतं,
शेठच्या वहीत तर नसतंच.
तो ते दोन्ही गुडघ्यांना चोळतो,
उरलेला थेंब शटरच्या कुलपात सोडतो.

थंडीत फार वाट बघायला लावते मालक,
म्हणतो,
एक थेंब डब्याच्या काठाशी येतो
आणि तिथेच विचार करत बसतो.